आहाराच्या संशोधनात व्हॉलंटियर व्हायचंय? नवीन लोकांसाठी सुरुवातीपासून सगळं

आपण जे खातो त्याने रक्तातली साखर, चरबी, इन्सुलिन यांचं काय होतं आणि मेंदूवर, म्हणजे लक्ष, स्मरणशक्ती, भूक यांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करायला माणसं लागतात, आणि ती आजारीच लागतात असं नाही, उलट बऱ्याच स्टडीजना धडधाकट, रोजच्या कामाला जाणारी माणसंच हवी असतात. हे अनेकांना माहीतच नसतं. मी अशा स्टडीजमध्ये डाएट इंटरव्ह्यू घेते, म्हणजे समोरच्याने काल दिवसभरात काय काय खाल्लं ते विचारायचं, वाट्या-चमच्यांत मोजून लिहायचं, त्यामुळे नवीन आलेल्यांचे प्रश्न रोज ऐकते. रक्त किती काढणार, पैसे मिळतात का, एमआरआयने काही होतं का, मध्येच सोडलं तर चालतं का, आणि सगळ्यात जास्त वेळा, "आमच्यावर प्रयोग करणार म्हणजे नक्की काय करणार?" म्हटलं एकदा सगळं क्रमाने लिहून टाकू.

एक गोष्ट आधीच वेगळी करते. औषध कंपन्यांच्या ज्या स्टडीज असतात, दोन-तीन दिवस ॲडमिट करून गोळी देतात आणि त्याचे बऱ्यापैकी पैसे देतात, त्याबद्दल हे लिहिलेलं नाही. त्यांचे नियम वेगळे, धोके वेगळे. इथे फक्त खाणं, चयापचय आणि मेंदू.

आपणच का जायचं

कारण आपल्या शरीराबद्दलचं बरंचसं ज्ञान दुसऱ्यांच्या शरीरावरून आलेलं आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला होता, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण स्कॅन केला तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून तसा नसतो. यासाठीच भारतीयांना जास्त वजन २५ ऐवजी २३ बीएमआयपासून धरायचं असं आपल्याकडचे तज्ज्ञ सांगतात.

हे कळलं ते लोक आले म्हणून. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी सुरू केली, गावातल्या बायकांचं खाणं, काम, रक्त सगळं तपासलं, मग त्यांची बाळं मोजली आणि त्या बाळांची तपासणी पुढे वर्षानुवर्षं चालू ठेवली, आता ती मुलं तिशीच्या आसपास आहेत. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो, पण आपल्या बाळांत मांस कमी आणि चरबी त्यामानाने टिकून. निम्म्याहून जास्त आयांच्या रक्तात व्हिटॅमिन बी-१२ कमी होतं. ज्या आयांचं बी-१२ फारच कमी होतं त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे उलटे म्हणून दाखवण्याच्या टेस्टमध्ये थोडी मागे पडली. आईच्या ताटातलं मुलाच्या डोक्यापर्यंत कसं पोचतं हे आपल्याच शेतकरी घरांतून दिसलं, आणि त्यातूनच पुढे त्या मुलांना वयात येताना बी-१२ च्या गोळ्या देऊन त्यांच्या होणाऱ्या बाळांना फायदा होतो का हे बघणारी प्रिया नावाची ट्रायल उभी राहिली. एकाच घरातल्या तीन पिढ्या! मला तरी याच्याइतकं मोलाचं काम फार कमी दिसतं.

मुंबईतही झालंय. २००६ पासून वस्त्यांमधल्या हजारो बायकांना गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळं, दूध घालून केलेला खाऊ दिला आणि दुसऱ्या गटाला बटाटा-कांदा वगैरेंचा खाऊ, पहिल्या गटात गरोदरपणातला मधुमेह कमी दिसला.

आणि माणसं दरवेळी हजारांनीच लागतात असं नाही. अमेरिकेत केविन हॉल या संशोधकांच्या २०१९ च्या अभ्यासात फक्त २० जण होते, ते २८ दिवस दवाखान्यातच राहिले, दोन आठवडे पाकिटातलं अल्ट्राप्रोसेस्ड खाणं आणि दोन आठवडे साधं खाणं, हवं तेवढं खा म्हणून सांगितलेलं. पाकिटवाल्या आठवड्यांत लोकांनी रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. जगभर त्या २० जणांच्या जोरावर चर्चा चालू आहे.

पायरी १. स्टडी शोधायची कुठे

भारतात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री म्हणून सरकारी नोंदवही आहे, सगळे सीटीआरआय म्हणतात, २००७ पासून ऑनलाइन आहे आणि बघायला पैसे लागत नाहीत. त्यात डायबेटिस, न्यूट्रिशन, डाएट, कॉग्निशन असे शब्द इंग्लिशमध्ये टाकून शोधा, मग राज्य आणि शहर बघा. प्रत्येक नोंदीत स्टडी कोण करतंय, पैसा कोणाचा, कोण चालेल कोण नाही, एथिक्स कमिटीची, म्हणजे भाग घेणाऱ्यांचं हित बघणाऱ्या समितीची, परवानगी आहे का, भरती चालू आहे की संपली आणि फोन कोणाला करायचा हे सगळं असतं. भाषा जड असते, पण कोण चालेल आणि कोण चालणार नाही हा भाग तरी वाचाच, निम्मे फोन तिथेच वाचतात.

एक लक्षात घ्या, गोळी किंवा विशिष्ट आहार देऊन परिणाम बघतात अशी ट्रायल तिथे नोंदवलेली असायलाच हवी, आणि २०१८ पासून पहिला माणूस घेण्याआधीच नोंद करावी लागते. नुसती तपासणी आणि प्रश्न असतील तर ती नोंद नसूही शकते, तेवढ्यावरून ती खोटी ठरवू नका.

याशिवाय मेडिकल कॉलेजांचे फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, पीएसएम (सामाजिक आरोग्य) विभाग, होम सायन्स कॉलेजमधले पीएचडी करणारे विद्यार्थी, मोठ्या हॉस्पिटलच्या डायबेटिस ओपीडीबाहेरचा नोटीस बोर्ड, गावाकडे आशाताई, इथून बरंच कळतं. शिकायला किंवा नोकरीला परदेशात असाल तर अमेरिकेत क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह आणि यूकेत एनआयएचआर या सरकारी संशोधन संस्थेचं बी पार्ट ऑफ रिसर्च ही दोन ठिकाणं. तिथे आपल्या लोकांची खरंच गरज असते. अमेरिकेत खास दक्षिण आशियाई लोकांवरची मसाला नावाची हृदय-मधुमेहाची स्टडी २०१० मध्ये सुरू करावी लागली कारण बाकीच्या मोठ्या अभ्यासांत आपली माणसं नव्हतीच.

आणि हे नीट ऐका. कुणी "फ्री बॉडी चेकअप, न्यूट्रिशन स्टडी चालू आहे" म्हणून बोलावलं, हाताला मशीन धरायला दिलं आणि शेवटी पावडरचा डबा गळ्यात मारायला लागलं तर ती स्टडी नाही, दुकान आहे. खऱ्या संशोधनात त्यासाठीच्या तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत. पैसे मागितले की उठायचं.

पायरी २. पहिला फोन

फोनवर किंवा भेटीत दहा-पंधरा मिनिटं प्रश्न विचारतात. वय, उंची, वजन, कुठली औषधं चालू आहेत, थायरॉइड, शुगर, बीपी, गरोदर आहात का, बाळ अंगावर पितं का, सिगारेट-तंबाखू, गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या स्टडीत होतात का. बी-१२ चं इंजेक्शन घेतलं असेल तर ते लोक सांगायचं हमखास विसरतात कारण ते त्यांना औषध वाटतच नाही, पण आहाराच्या स्टडीत त्याच्याइतकं महत्त्वाचं काही नाही. जिमवाल्याने दिलेली प्रोटीन पावडर, आयुर्वेदिक चूर्ण, मेथीदाणे भिजवून घेता ते, सगळं सांगा.

स्टडीत घेतलं जावं म्हणून काही लपवू नका. शुगरची गोळी लपवून कोणी आलं तर सॅम्पल वाया जातातच, पण उपाशीपोटीच्या टेस्टमध्ये शुगर एकदम खाली जाऊन त्या माणसालाच त्रास होऊ शकतो. आणि नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांना ठरावीक वयाची, ठरावीक वजनाची माणसं हवी असतात, तुमच्यात काही कमी आहे असं नाही.

पायरी ३. संमतीपत्रक, इथे घाई नाही करायची

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या असं मी प्रत्येकाला सांगते. माहितीपत्रक मराठीत मिळालं पाहिजे, मागून घ्या, घरी न्या, दोन दिवस ठेवा, घरच्यांशी बोला. "फक्त इथे सही करा, नंतर वाचा" असं कुणी म्हणालं तर सही करू नका. सही केल्यावर एक कॉपी तुमची, ती फाइलला लावून ठेवा.

वाचता येत नसेल तर स्टडीशी संबंध नसलेला साक्षीदार समोर बसवून सगळं वाचून दाखवावं लागतं आणि मग अंगठा. मुलांच्या बाबतीत आईवडिलांची सही लागतेच, पण सात वर्षांपुढच्या मुलालाही विचारावं लागतं आणि मूल नको म्हणालं तर त्याचा मान ठेवतात. गावाकडे एक गोष्ट सारखी दिसते, सून बसलेली असते आणि उत्तरं सासूबाई देतात, "घ्या घ्या रक्त, आमची काही हरकत नाही." घरच्यांची साथ हवीच, तिच्याशिवाय गावात कामच होत नाही, पण संमती त्या सुनेचीच लागते आणि ती नको म्हणाली तर नको.

आता विचारायचे प्रश्न. किती वेळा यायचं, दरवेळी किती तास. रक्त एकूण किती आणि किती वेळा टोचणार. गोळी किंवा आहार बदलणार असाल तर मला खरी गोळी मिळेल की प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, हे कोण ठरवतं (बहुतेक वेळा कॉम्प्युटर ठरवतो आणि डॉक्टरांनाही माहीत नसतं, तेच बरोबर आहे). माझं रक्त साठवणार का, किती वर्षं, त्यातून जीन्स तपासणार का, परदेशात पाठवणार का. यातल्या साठवण्याला आणि पुढच्या वापराला बरेचदा वेगळी टिक असते, तिथे नाही म्हणून बाकी स्टडीत राहता येतं का तेही विचारा. माझं नाव कोणाकोणाला दिसणार. माझे रिपोर्ट मला मिळणार का. स्कॅनमध्ये अचानक काही सापडलं तर सांगणार का आणि पुढे कुठे पाठवणार. स्टडीमुळे मला काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार.

आपल्याकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात संशोधनामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईचं सांगितलेलं आहे. एथिक्स कमिटीत ७ ते १५ जण असतात, त्यात नुसते डॉक्टर नाहीत, एक कायदा जाणणारा आणि एक साधा नागरिक असतो, आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असतो. तिचा फोन नंबर माहितीपत्रकावर छापलेला असतो. तो शोभेसाठी नाही, स्टडीवाल्यांबद्दल तक्रार असेल तर तिथेच करायची.

मध्येच सोडता येतं का? येतं. कधीही, कारण न देता, आणि त्याचा तुमच्या त्या हॉस्पिटलमधल्या नेहमीच्या उपचारांवर काहीही परिणाम होता कामा नये. ज्यांनी स्टडी सोडली त्यांच्याशी कोणी आवाज चढवून बोललेलं मला बिलकूल पटत नाही, माणूस आपला वेळ आणि रक्त देऊन जातो, त्याचे आभार मानून दार उघडं ठेवायचं असतं.

पैशांचं म्हणाल तर आहाराच्या स्टडीत सहसा प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि नाश्ता एवढंच असतं. मुद्दाम जास्त देत नाहीत, पैशाच्या ओढीने कुणी धोका पत्करू नये म्हणून. आणि एक गैरसमज काढून टाका, स्टडी म्हणजे उपचार नाही. तुमचा डॉक्टर तुम्हाला बरं करायला बघतो, स्टडी एका प्रश्नाचं उत्तर शोधते, त्यात तुमचा फायदा होईलच असं नाही.

पायरी ४. टेस्टचा दिवस

सगळ्यात नेहमीची टेस्ट म्हणजे ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट. रात्री जेवून मग ८ ते १४ तास काही खायचं नाही, पाणी चालतं. सकाळी उपाशीपोटी रक्त घेतात, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाव लिटरभर पाण्यात विरघळवून देतात, ते पाच मिनिटांत संपवायचं, मग अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी परत रक्त. काही स्टडीज ग्लुकोजऐवजी ठरावीक नाश्ता देतात आणि चार-पाच तास थांबवतात. दरवेळी टोचत नाहीत, हातात एक बारीक नळी बसवून ठेवतात. एका ट्यूबमध्ये ३ ते ५ मिली रक्त जातं, म्हणजे फार तर एक चमचा, रक्तदानात एका वेळी ३५० मिली काढतात हे लक्षात घेतलं की भीती जाते.

आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा. रिपोर्ट चांगला यावा म्हणून लोक तीन दिवस भात-पोळी बंद करतात आणि मग टेस्ट उलटी बिघडते, कारण कार्बोहायड्रेट एकदम कमी केले की शरीर ग्लुकोजला नीट तोंड देत नाही आणि साखर उगाच जास्त दिसते.

चहा. "अर्धाच कप घेतला, बिनसाखरेचा" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की काय सांगू. दूध घातलेला चहा हा नाश्ता आहे, आणि कोरा असला तरी कॅफीन आहेच. नाही म्हणजे नाही. तंबाखू, सिगारेट आणि मिश्रीही नाही. गावातल्या बऱ्याच बायका सकाळी मिश्रीने दात घासतात, त्यांना ते तंबाखू वाटतच नाही, म्हणून विचारलं नाही तरी आपणहून सांगा. चुकून घेतलाच काही तर सांगून टाका, तारीख बदलून देतात, कोणी रागवत नाही.

ग्लुकोज प्यायल्यावर मळमळ वाटू शकते, हळू बसा, फिरू नका. स्वेटर न्या, दोन तास एसीत बसायचं असतं. बाही वर जाईल असा ड्रेस किंवा ब्लाउज. नंतरसाठी डबा. शक्यतो बाईक चालवत येऊ नका, चक्कर येणाऱ्यांनी तर नाहीच.

बाकीच्या तपासण्या सोप्या. डेक्सा स्कॅनमध्ये टेबलावर झोपायचं, काही मिनिटांत चरबी, मांस, हाडं वेगवेगळी कळतात, किरणं लागतात पण छातीच्या एक्सरेपेक्षाही कमी, तरी गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधी सांगायचंच. कॅलरीमीटर म्हणजे डोक्यावर पारदर्शक हूड ठेवून अर्धा तास शांत पडून राहायचं, तुम्ही किती ऑक्सिजन घेता आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडता यावरून शरीर साखर जाळतंय की चरबी हे कळतं. झोपायचं नाही तेवढं सांभाळा. दंडावर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर साधारण १४ दिवस राहतो, तो लावलेला असताना आंघोळ करता येते. आणि कुठे खास पाणी प्यायला दिलं, ज्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड प्रकार असतात, तर घाबरू नका, ते किरणोत्सारी नसतात, पुढचे आठवडा-दोन आठवडे लघवीचे नमुने द्यायचे आणि त्यातून तुमचा रोजचा ऊर्जाखर्च काढतात.

पायरी ५. खाण्याचा हिशोब

हे माझं काम, त्यामुळे इथे जरा जास्त बोलते. मशीन सगळं मोजतं पण तुम्ही काय खाल्लं ते तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गडबड होते, कारण समोर आहारवाली बाई बसली की माणूस चांगलं-चांगलं सांगायला लागतो.

एक आजी आल्या होत्या. म्हणाल्या, "काल काही नाही गं खाल्लं, एकादशी होती." म्हटलं बरं आजी, सकाळी उठल्यावर तोंडात पहिलं काय गेलं? चहा. नुसता? "नुसताच, आणि दोन खजूर." मग अकराला? साबुदाण्याची खिचडी, एवढी, म्हणून त्यांनी हाताची ओंजळ दाखवली, मी समोर वाट्या ठेवल्या तर बोट मोठ्या वाटीवर गेलं. खिचडीत दाण्याचं कूट किती, तूप की तेल, वर दही होतं का. दुपारी केळं. मधे शेंगदाण्याचा लाडू, "पण तो नातवाने दिला म्हणून." चारला चहा. रात्री वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. लिहून झाल्यावर आजीच म्हणाल्या, "अगं बाई, हे तर रोजच्यापेक्षा जास्त झालं!" मी त्यांना म्हटलं आजी, तुम्ही आज मला सोन्यासारखी माहिती दिलीत, आणि ते मनापासून म्हटलं.

म्हणून सांगते, मी तिथे परीक्षा घ्यायला बसलेली नसते. वडापाव खाल्ला तर वडापाव म्हणा, दोन खाल्ले तर दोन. ऑफिसच्या बर्थडेचा केक, मुलांच्या ताटात उरलेलं संपवलेलं, स्वयंपाक करताना चाखलेलं, सिरियल बघताना शेव-फरसाण, गुटखा, दारू, सगळं. तुम्ही लपवलेला एकेक चमचा तेल पुढे आपल्याच लोकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या सल्ल्यात चुकतो.

घरी जाऊन तयारी म्हणून एवढं करा, रोजची वाटी, पळी, चमचा कुठला ते बघून ठेवा, जमलं तर पाण्याने भरून किती मिली मावतं ते मोजा. महिन्याला घरात तेल किती किलो येतं आणि जेवणारी माणसं किती हे माहीत असू द्या, भाजीत तेल किती पडतं यापेक्षा हा आकडा खरा निघतो. भाकरी कशाची, ज्वारी, बाजरी की मिक्स. ताटाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आम्ही मग त्याचे घटक हैदराबादच्या एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांवरून काढतो, त्यात ५२८ भारतीय पदार्थ आहेत, फक्त ते बहुतेक कच्चे पदार्थ आहेत म्हणून आम्ही इतके खोदून विचारतो की भाजीत काय काय घातलं.

तुमचं कॅलेंडरही आधीच सांगा. श्रावण, नवरात्र, रोजे, पर्युषण, संकष्टी, दिवाळीचा फराळ, गावची जत्रा. सूर्यास्तानंतर जेवत नसाल तर ते. त्याप्रमाणे तारखा लावता येतात.

पायरी ६. मेंदूच्या तपासण्या

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शांत बसलेलं असताना शरीर जी ऊर्जा वापरतं त्यातली जवळपास २० टक्के तो एकटा खातो. त्यामुळे खाणं आणि डोकं यांचा संबंध बघणं अगदी साहजिक आहे. अमेरिकेत मिनेसोटाला १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांनी आपणहून २४ आठवडे अर्धपोटी राहून दाखवलं, वजन तर गेलंच पण त्यांच्या डोक्यात दिवसभर खाणंच, उदासी, चिडचिड, लक्ष लागेना, काही जण तर रेसिपी जमवायला लागले. आज कुठलीही एथिक्स कमिटी तसं करू देणार नाही, पण उपासमारीनंतर माणसाला कसं सावरायचं हे त्यांच्यामुळे समजलं.

आता बहुतेक ठिकाणी टेबलावरच्या टेस्ट असतात, आकडे ऐकून सरळ आणि उलटे म्हणायचे, एका मिनिटात प्राण्यांची नावं, रंगांचे ठोकळे जुळवायचे, ठिपके जोडायचे. ही बुद्धीची परीक्षा नाही आणि नापास कोणी होत नाही. घरी प्रॅक्टिस करून येऊ नका. चष्मा मात्र आणा, आदल्या रात्री झोप झाली नसेल तर सांगा, आणि इंग्लिश येत असलं तरी ज्या भाषेत तुम्ही मनात आकडे मोजता त्या भाषेत टेस्ट मागा.

एमआरआयमध्ये एक्सरेसारखी किरणं नसतात, लोहचुंबक असतं, म्हणून धातू चालत नाही. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, हाडातली प्लेट, कॉपर टी, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, टॅटू, सगळं सांगा, चालेल की नाही ते ठरवतील. मंगळसूत्र, जोडवी, नथ, बांगड्या, केसांच्या पिना, हुकाचा ब्लाउज, आणि जरीकाठाची साडी, जरीत धातू असू शकतो हे बायकांच्या लक्षातच येत नाही. जोडवी किंवा बांगड्या काढायच्या नसतील, निघत नसतील, तर आधीच फोनवर बोलून घ्या, ऐनवेळी तिथे रडकुंडीला येण्यापेक्षा बरं. आत ड्रिल मशीन चालू असल्यासारखा आवाज येतो, कानाला इअरप्लग देतात, हातात एक रबरी बल्ब देतात, तो दाबला की लगेच बाहेर काढतात. बंद जागेची भीती असेल तर आधी सांगा. भुकेल्या पोटी आणि जेवल्यावर असे दोनदा स्कॅन करून मधे खाण्याचे फोटो दाखवण्याचे अभ्यासही असतात, त्यात काही करायचं नसतं, हलायचं नाही एवढंच.

पायरी ७. घरी गोळ्या किंवा पाकिटं दिली असतील तर

रोज ठरल्या वेळी घ्या, विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, उरलेल्या गोळ्या परत आणा. आम्ही त्या मोजतो, तुम्हाला पकडायला नाही, किती घेतल्या गेल्या त्यावर निकाल अवलंबून असतो म्हणून. आपल्या गोळ्या जावेला देऊ नका, शेजारणीच्या घेऊ नका. मधे दुसऱ्या डॉक्टरने व्हिटॅमिनचं काही लिहून दिलं तर त्याला स्टडीचं कार्ड दाखवा आणि स्टडीवाल्यांनाही कळवा, पण गरजेचं औषध स्टडीसाठी थांबवायचं नाही, कधीच नाही. अंगावर पुरळ, उलट्या, काहीही झालं तर कार्डवरच्या नंबरवर फोन करा, रात्र असली तरी.

पायरी ८. झाल्यावर

रिपोर्ट मागून घ्या आणि कोणाकडून तरी समजून घ्या. साखर उपाशीपोटी १०० च्या खाली आणि ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० च्या खाली म्हणजे ठीक, दोन तासांनी २०० किंवा वर असेल तर दुसऱ्याच दिवशी आपल्या डॉक्टरकडे. काही गोष्टी लगेच मिळत नाहीत, खास चाचण्या सगळ्यांचे नमुने जमल्यावर एकदम होतात, आणि गोळी खरी होती की प्लासिबो ते स्टडी संपल्यावरच उघडतं, त्याला वर्षंही लागू शकतात. निकाल काय लागला ते कळवा असं सांगून ठेवा, तो तुमचा हक्क आहे.

आणि खूप वर्षं चालणारी स्टडी असेल तर एक विनंती. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलात, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला आलात, सिमकार्ड बदललं, तर नवा नंबर कळवा, आणि माहेरचा किंवा भावाचा असा एखादा कायमचा नंबरही देऊन ठेवा. फाइलवरचा स्टडी नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा, फोन केल्यावर नावापेक्षा तो आधी विचारतात.